आंबलेलं अंग

होळी झाली की आमच्या गल्लीत उडदाच्या पापडांचा हंगाम सुरू व्हायचा. आज एकीच्या ओट्यावर, उद्या दुसरीच्या. पोळपाट-लाटणं जिचं तिने काखेत मारून न्यायचं. पीठ भिजवायचं काम मात्र मायकडे असायचं, कारण पापडखार किती घालायचा याचा तिचा अंदाज कधी चुकला नाही. खाराच्या पाण्यात पीठ घट्ट मळलं, तेलाचा हात लावला, की तो गोळा उखळात जायचा आणि मुसळाखाली यायचा. शंभर घाव घातले तरी पीठ ढिम्म. त्यापुढे कुठे ते सैल पडायला लागायचं, रंग उजळायचा, ओढलं की तुटायच्या ऐवजी लांबायचं. तोवर मुसळ धरणारीचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत पेटलेला असायचा.

मी आठवीत असताना पहिल्यांदा मुसळ हातात घेतलं. साठ घाव मोजले आणि एकसष्टाव्याला हात वर जाईना. दुखत होतं म्हणावं तर कुठे लागलं नव्हतं. दंडात काहीतरी गरम, जड, गच्च भरलं होतं आणि बोटं मुसळावरून आपोआप सुटत होती. मायने मुसळ काढून घेतलं आणि म्हणाली, "आंबनात ना हात? आते दम ले."

आंबले. तेव्हा हा शब्द कानावरून गेला. घरात रोजचाच होता तो. कापूस वेचून आलेल्या बायका ओट्यावर टेकता टेकता "आंग आंबी गयं वं माय" म्हणायच्या. पांझरेच्या काठच्या आमच्या गावात दिवसभर वाकून काम केलेलं प्रत्येक अंग संध्याकाळी आंबलेलंच असायचं. पुढे मी शास्त्र शिकले, धुळ्यात शाळेत शिकवायला लागले, आणि एक दिवस आम्ल-आम्लारीचा धडा शिकवता शिकवता खडू हातातच राहिला. दही आंबतं, पीठ आंबतं आणि अंगही आंबतं. आपल्या भाषेने ताकाच्या मडक्याला आणि दमलेल्या दंडाला एकच क्रियापद लावलं होतं.

दूध आंबतं तेव्हा त्यात तयार होतं ते लॅक्टिक आम्ल. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पुढे १८०७ मध्ये बर्झेलियसला तेच आम्ल शिकारीत पळून पळून दमलेल्या हरणांच्या मांसात सापडलं. शंभर वर्षांनी, १९०७ साली, केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या पायाच्या स्नायूत दाखवलं की दमल्यावर हे आम्ल साचतं आणि प्राणवायू मिळाला की ओसरतं. १९२२ सालचं नोबेल हिल आणि मायरहॉफ यांना मिळालं तेही स्नायूतली उष्णता आणि हेच आम्ल यांच्या अभ्यासासाठी. खान्देशातल्या बायका यातलं एकही नाव न ऐकता तोच शब्द वापरत होत्या, याचा मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी वर्गात धडा बाजूला ठेवून सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरी अंग आंबतं का? साठ हात वर झाले.

आता त्या उखळापाशी परत जाऊ, कारण मला खरं बोलायचंय ते माझ्या साठाव्या घावाबद्दल.

स्नायू आकसायला एटीपी लागतं, म्हणजे पेशीला लगेच खर्चता येणारी ऊर्जा साठवणारा रेणू. काम निवांत असेल तर पेशीतल्या तंतुकणिका प्राणवायू वापरून ते पुरवत राहतात. मुसळाचं काम तसं नाही. ते जोराचं, घाईचं, आणि मूठ आवळून धरल्यामुळे रक्ताची वाट अडवणारं. मग पेशी ग्लुकोज अर्धवट तोडून झटपट एटीपी काढते. या धांदलीत दोन गोष्टी वाढत जातात: लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन. आपण दोघांना मिळून लॅक्टिक आम्ल म्हणतो, पण पेशीत ते वेगवेगळे वावरतात आणि दोघांचे स्वभावही वेगळे. लॅक्टेट बिचारं इंधन आहे. हृदय ते जाळून वापरतं. यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. ही फेरी कार्ल आणि गर्टी कोरी या नवराबायकोने उलगडली आणि १९४७ च्या नोबेलचे ते मानकरी ठरले. आंबटपणा आहे तो हायड्रोजन आयनांचा.

आंबटपणा मोजायचा तो सामूने, म्हणजे पीएचने; तो जितका कमी तितकं आंबट. विश्रांतीच्या वेळी स्नायूपेशीचा सामू ७.१ च्या आसपास असतो. जीव तोडून केलेल्या कामात तो ६.५ पर्यंत उतरतो. फरक किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की एवढ्यानेच हायड्रोजन आयन चौपट होतात. साठ घावांत माझ्या दंडात जवळजवळ असंच काहीतरी झालं असणार.

आणि तरीही पेशी दही होत नाही. इथे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत आवडतं पात्र भेटलं.

१९०० साली रशियात गुलेविच या शास्त्रज्ञाला मांसाच्या अर्कात एक नवा पदार्थ मिळाला. मांसाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव पडलं कार्नोसिन. अगदी लहानसा रेणू. बीटा-ॲलनिन आणि हिस्टिडिन या दोन अमिनो आम्लांची जोडी, बस. पण त्यातल्या हिस्टिडिनला एक कडं आहे आणि ते कडं हायड्रोजन आयन पकडून ठेवू शकतं. कोणत्या सामूला ते निम्मं भरलेलं असतं? ६.८३ ला. ७.१ आणि ६.५ यांच्या जवळजवळ मधोमध. सुटं हिस्टिडिन हे काम ६ च्या आसपास करतं, म्हणजे स्नायूला नको इतक्या उशिरा. जोडी जमली की आकडा सरकतो आणि नेमका जिथे हवा तिथे येऊन बसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो आकडा वहीत लिहून त्याला चौकट केली. अजूनही ती वही माझ्याकडे आहे.

गल्लीतली उसनवारी आठवा. पाहुणे अवेळी आले, शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, आठवडी बाजार झाला की परत केली. कार्नोसिनचं तसंच आहे, फक्त ते घेणाऱ्याच्या जागी उभं असतं. काम पेटलेलं असताना पेशीत नकोसे झालेले आयन ते आपल्याकडे ठेवून घेतं, आणि दम घेतला, रक्त वाहतं झालं, की सोडून देतं. ते संपत नाही, झिजत नाही. पुढच्या घावाला पुन्हा हात पसरून तयार.

पापडखारही तेच करतो असं मी मुलांना सांगायचे. खार हा अल्कली, आम्लाला मारतो. हे सांगणं तसं बरोबर, पण अपुरं. रक्तात बायकार्बोनेट आहे, ते आपल्या खाण्याच्या सोड्याचंच भावंड. स्नायूतून बाहेर आलेलं आम्ल ते उचलतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि धापा टाकून आपण तो बाहेर फेकतो. म्हणून तर मुसळ थांबल्यावरही छाती भात्यासारखी चालत राहते. पण बायकार्बोनेट बाहेर, रक्तात. कार्नोसिन आत, जिथे आग लागलीय तिथेच. पेशीत फॉस्फेट आणि प्रथिनंही हा भार उचलतात, आणि माणसात कार्नोसिनचा वाटा त्यामानाने लहानच आहे. लहान असला तरी मोक्याचा आहे. सेवेरिन या रशियन शास्त्रज्ञाने १९५३ साली बेडकाचा दमत चाललेला स्नायू घेतला, तो ज्या द्रावणात ठेवला होता त्यात कार्नोसिन घातलं, आणि स्नायू पुन्हा काम करू लागला.

सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडे पाहिलेत? दत्तजयंतीला तिथे देशभरातून घोडे येतात. एखादा उमदा घोडा धन्याने चाल दाखवायला सोडला की त्याच्या मांड्यांवरची कातडी पाण्यासारखी हलते. त्या मांडीत माणसाच्या कित्येक पट कार्नोसिन भरलेलं असतं. थोड्या वेळात अफाट जोर लावणाऱ्या प्राण्यांकडे त्याचा साठा मोठा असतो, आणि माणसातही वेगाने आकसणाऱ्या तंतूंमध्ये ते जास्त असतं. रॉजर हॅरिस या इंग्रज शास्त्रज्ञाने घोड्यांच्या स्नायूंवर बरंच काम केलं आणि २००६ साली त्याच्या गटाने माणसाबद्दल एक कळीची गोष्ट दाखवली: बीटा-ॲलनिन काही आठवडे पोटात गेलं तर स्नायूतलं कार्नोसिन वाढतं. हिस्टिडिन आपल्याकडे पुरेसं असतं, अडतं ते बीटा-ॲलनिनपाशी. तेव्हापासून त्याची पावडर व्यायामशाळांत शिरली. माझा भाचा ती घेतो. घेतल्यावर चेहऱ्याला आणि हातांना मुंग्या येतात म्हणून घाबरून त्याने मला फोन केला होता. त्या मुंग्या चेतातंतूंच्या, थोड्या वेळाने जातात. एक ते चार मिनिटांच्या जोरकस श्रमात या पावडरीचा थोडा उपयोग दिसतो, एवढंच मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं तिने जाणार नाही हेही सांगितलं, आणि ते मात्र मी जरा जास्तच ठासून सांगितलं. त्याला कारण आहे.

शाळेत असताना आमच्या वर्गाला एकदा शिक्षा झाली होती. कुणीतरी फळ्यावर काहीतरी लिहिलं, कबूल कुणी होईना, मग सगळ्यांना दोनशे उठाबशा. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत मी उतरले. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. खेळाच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, लॅक्टिक ॲसिड साचलंय, ते हलवलं पाहिजे, आणखी शंभर काढा. आम्ही काढल्या. माझ्या शेजारची मुलगी पन्नाशीच्या आत खाली बसली ती उठलीच नाही. तिला दोघींनी उचलून वर्गात नेलं. मला त्या सरांचा राग पुष्कळ वर्षं होता. पण पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि क्रीडास्पर्धांच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी लंगडत आली तेव्हा तिला मीही हेच म्हणाले: "ॲसिड साचलंय गं, जरा पळ, जाईल." ती मान हलवून गेली आणि खरोखर मैदानाला फेऱ्या मारत राहिली. तिचा तो ओढत टाकलेला पाय मला अजून दिसतो. ती फेऱ्या मारत होती ती माझ्यावर विश्वास ठेवून, आणि मी सांगितलेलं चूक होतं.

श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येतं. सामूही सावरतो. रात्री आपण झोपतो तेव्हा कालचा आंबटपणा अंगात उरलेलाच नसतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं ते काय? अमेरिकेतल्या थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं की हे दुखणं थकव्याचं नाही, स्नायूच्या आत काहीतरी फाटल्याचं आहे. १९८३ साली यावर एक अतिशय साधा प्रयोग झाला. काही जणांना सपाटीवर पळवलं, मग उतारावर पळवलं. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, आणि दुखलं.

आपल्याकडे हे सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आलेल्या कुणालाही पटेल. चैत्रात खान्देशातून गावंच्या गावं पायी गडावर जातात. देवीचं माहेर आपल्याकडचं, म्हणून आपला पाय तिथे हक्काने वळतो. वरच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या चढताना मांड्या पेटतात, छाती फुटते, दर वीस पायऱ्यांना टेकावं लागतं. ते आम्ल. उतरताना मात्र गप्पा सुरू होतात, प्रसादाचा नारळ वाटला जातो, दम लागत नाही. आणि खोटं वाटेल, पण घरी आल्यावर पाय धरतात ते उतरण्याने. पायरी उतरताना मांडीचा स्नायू आकसलेलाही असतो आणि त्याच वेळी आपल्या वजनाखाली ताणलाही जातो, ब्रेक लावल्यासारखा. त्या ओढाताणीत तंतूंना बारीक इजा होते. मग सूज येते, दुरुस्ती करणाऱ्या पेशी जमतात, वेदना सांगणारे चेतातंतू हळवे होतात. यात एक-दोन दिवस जातात म्हणून दुखणंही उशिरा येतं. उठाबशांत खाली बसणं म्हणजे पायरी उतरणंच. दोनशे वेळा उतरलेल्या मुलींना आणखी शंभर वेळा उतरवणं म्हणजे उसवलेल्या शिवणीवर पुन्हा ओढ देणं होतं. हलकं चालल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ते ठीक. पण तिथे जिरवायला आम्ल नसतं.

मग आम्ल दुखवत नाही का? दुखवतं, त्या त्या वेळी. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या अंगठ्याच्या स्नायूत आयन, लॅक्टेट आणि एटीपी टोचून पाहिलं. एकेक टोचलं तर काही जाणवलं नाही. तिन्ही एकत्र, मध्यम श्रमाच्या प्रमाणात, टोचल्यावर लोक म्हणाले: जड वाटतंय, थकल्यासारखं वाटतंय. अंगठा तर हललाही नव्हता! प्रमाण वाढवल्यावर म्हणाले: दुखतंय, गरम वाटतंय. गरम, जड, भरलेलं. मी उखळापाशी अनुभवलं होतं तेच, शब्दशः. तिघांनी एकदम दार वाजवलं तरच चेतातंतू उघडतात, आणि निरोप एवढाच असतो की थांब. आम्लामुळे स्नायूचा जोर किती कमी होतो यावर मात्र जुनं मत बदललंय. शरीराच्या उबदार तापमानाला तो परिणाम वाटला होता त्याहून कमी दिसतो, आणि साचलेल्या फॉस्फेटचा हात मोठा दिसतो. बिचाऱ्या आम्लाच्या माथी आपण थोडं जास्तच मारलं होतं.

हे सगळं नीट वाचून झाल्यावर मी एकदा मायला जरा अधिकारवाणीनेच सांगितलं की अगं, आपला शब्द अर्धाच बरोबर आहे, दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं नसतंच. ती लसूण सोलत होती. म्हणाली, दुसऱ्या दिवशी कोण आंबतं म्हणतं? सकाळी तर आंग ठनकस.

मी गप्प झाले. खरंच होतं. निदान तिच्या तोंडी तरी ते दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी आले नव्हते. कापूस वेचून संध्याकाळी ओट्यावर बसली की आंबणं. पहाटे चुलीपुढून उठताना कमरेवर हात ठेवला की ठणकणं. आंबलं तर दम घ्यायचा. ठणकलं तर गरम पाण्याने शेकायचं, त्या दिवशी जड उचलायचं नाही, आणि जावेला सांगून हंडा तिच्या डोक्यावर द्यायचा. दोन दुखणी, दोन शब्द, दोन उपाय. दोन्हींची भेसळ केली ती शिकलेल्यांनी, त्यात मीही होते.

मायचा हिशेब मांडायला बसले तर तिच्या बाजूने काहीच नाही. कार्नोसिन बायकांत पुरुषांपेक्षा कमी असतं, शाकाहारी माणसांत कमी असतं, आणि वयाबरोबर घटतं. ती बाई, माळकरी, आणि आता सत्तरी ओलांडलेली. तरी ती साठाला थांबत नसे, दोनशेला थांबायची. कशी, ते मी यंदा होळीनंतर गावी गेले तेव्हा मुद्दाम जवळ बसून पाहिलं. मुसळ ती घट्ट धरतच नाही. वर जाताना मूठ सैल असते, पडताना त्याच्या वजनाने पडू देते, फक्त शेवटी जोर. दर दहा घावांना हात बदलते. बदलताना मोकळा झालेला हात एकदा झटकते, जणू काही ओघळून टाकतेय. त्या दहा घावांच्या विश्रांतीत रक्त आत शिरतं, लॅक्टेट आणि आयन जोडीनेच पेशीबाहेर निघतात, कार्नोसिन घेतलेलं परत करून मोकळं होतं. उभ्या जन्माच्या कष्टांनी तिच्या दंडात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंही दाट विणलं असणार. ती हे असं का करते विचारलं तर म्हणाली, सासूने शिकवलं.

यंदा मात्र ती नव्वदला थांबली. मुसळ उखळाला टेकवून उभी राहिली, डावा हात उजव्या दंडावर.

"आंबना का ठनकस?" मी विचारलं.

तिने क्षणभर दंड दाबून पाहिला, खरंच तपासावं तसा. "आंबना," म्हणाली.

मी मुसळ घेतलं. मूठ सैल ठेवली, दहाला हात बदलला, झटकला. माय खाली बसली आणि तयार झालेल्या पिठाच्या दोरीला दोऱ्याने लाट्या पाडू लागली. एक लाटी तेलात बुडवून तिने माझ्यासमोर धरली, माझे दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून तोंडातच घातली.